विमा कंपनीला चालेल असा अलार्म: एका घराचा प्रकरण अभ्यास

प्रकरण खरे आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, कंपन्यांची नावे आणि रकमा गाळल्या आहेत. पॉलिसीतली वाक्ये शब्दशः न देता आशय तेवढा दिला आहे.

पार्श्वभूमी

दुमजली स्वतंत्र घर. नवरा-बायको दोघेही नोकरीला, एक शाळकरी मुलगी आणि एक मांजर. दिवसाचे आठ-नऊ तास घर रिकामे असते. तळमजल्यावर दोन झडपांचा मुख्य दरवाजा, स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा आणि दिवाणखान्यातून अंगणात उघडणारा सरकता काचेचा दरवाजा. जिन्याच्या वळणावर एक लाकडी खिडकी आहे आणि तिच्याखालीच गॅरेजचे छप्पर येते. छपरावर चढलेल्या माणसाचा हात खिडकीपर्यंत सहज पोचतो.

घरातल्या वस्तूंचा विमा बरीच वर्षे विनाअट चालू होता. वारशाने आलेले दागिने आणि जुन्या मनगटी घड्याळांचा संग्रह यांचे नव्याने मूल्यांकन झाले, विम्याची रक्कम वाढवायची वेळ आली आणि नूतनीकरणाच्या कागदांसोबत एक पुरवणी आली. तिचा आशय असा: घर रिकामे असताना आणि रात्री सगळे झोपलेले असताना मान्य दर्जाची अलार्म यंत्रणा पूर्णपणे चालू असावी; ती मान्यताप्राप्त इन्स्टॉलरने बसवलेली आणि देखरेख केंद्राशी (गजराचे संदेश घेऊन पुढे कळवणाऱ्या) जोडलेली असावी; देखभाल करार सतत चालू असावा; पूर्वसंमतीशिवाय यंत्रणेत बदल करू नये. त्याखाली दोन ओळींची आणखी एक अट होती. यादीतल्या वस्तू, अंगावर नसतील तेव्हा, जमिनीला किंवा भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत कुलूपबंद असाव्यात. या दोन ओळींकडे त्या वेळी कोणी फारसे पाहिले नाही.

अडचण कुठे होती

घरात अलार्म आधीपासूनच होता. ऑनलाइन मागवलेला संच: एक हब, दारांचे चार सेन्सर, हालचाल टिपणारे दोन, मोबाइलवर ॲप. कुटुंबाला वाटले, याचे बिल विमा कंपनीला पाठवले की झाले. कंपनीने तो संच नाकारला, आणि ते रास्तच होते.

त्या संचातले सेन्सर एकतर्फी होते. दार उघडले की सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर संदेश सोडतो. तो हबला मिळाला की नाही हे सेन्सरला कळत नाही आणि सेन्सर जिवंत आहे की नाही हे हबला कळत नाही. बॅटरी संपली, कोणी सेन्सर उपटून नेला किंवा जॅमरने ती लहर दाबून टाकली, तरी ॲपवर सगळे आलबेल दिसत राहते. हबचा बाहेरच्या जगाशी संबंध फक्त वाय-फायमार्फत. वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की हब मुका. शिवाय सायरन वाजला हे सिद्ध करणारी, मागाहून खाडाखोड करता येणार नाही अशी नोंद कुठेच नव्हती. दाव्याच्या वेळी विमा कंपनी पाहते ती नेमकी ही नोंद.

खरी गुंतागुंत मात्र अटीच्या भाषेतच होती. ‘मान्य दर्जा’ म्हणजे कोणता? आणि रात्री यंत्रणा ‘पूर्णपणे चालू’ ठेवायची म्हटले, तर वरच्या मजल्यावर पाणी प्यायला उठलेला माणूसही सायरन वाजवणार. अक्षरशः पाळता येणार नाही अशी अट मान्य करून सही करणे म्हणजे पहिल्याच रात्री तिचा भंग करणे.

पहिला निर्णय: आधी भाषा, मग यंत्र

इन्स्टॉलरला बोलावण्याआधी विमा कंपनीला ईमेलने चार प्रश्न विचारले गेले. कोणते मानक आणि कोणता ग्रेड? संदेश पाठवायला एक मार्ग चालेल की दोन हवेत? इन्स्टॉलर कोणाच्या यादीतला हवा? रात्री फक्त तळमजला आणि दारे-खिडक्या चालू ठेवल्या तर अट पाळली असे धरणार का?

फोनवर एजंट म्हणाला, ‘चालतं हो सगळं.’ तोंडी ‘चालतं’ दाव्याच्या वेळी चालत नाही, म्हणून उत्तर लेखी मागितले. ते दहा दिवसांनी आले: ईएन ५०१३१ मानकाचा ग्रेड २, दुहेरी मार्गाने (इंटरनेट आणि मोबाइल) संदेश, आणि रात्री अंशतः चालू ठेवण्यास परवानगी. हा शेवटचा मुद्दा पुरवणीत छापून घेतला. यंत्रणेत बिघाड झाल्यास काय करायचे तेही त्याच वेळी लिहून आले: इन्स्टॉलरला २४ तासांत कळवायचे आणि दुरुस्ती होईपर्यंत उरलेली यंत्रणा चालू ठेवायची. साऱ्या प्रकरणात सर्वात स्वस्तात पडलेले आणि सर्वात उपयोगी ठरलेले काम हेच.

ग्रेडबद्दल थोडे. ईएन ५०१३१ या युरोपीय मानकात चार ग्रेड आहेत. चोर किती जाणकार असेल आणि त्याच्याकडे कोणती हत्यारे असतील, या अंदाजावर ते ठरतात. ग्रेड २ मध्ये अलार्मची जुजबी माहिती आणि साधी हत्यारे असलेला चोर गृहीत धरतात. ग्रेड ३ मध्ये अलार्म समजणारा आणि सोबत इलेक्ट्रॉनिक उपकरणे बाळगणारा. ग्रेड ३ चा हालचाल सेन्सर कोणी झाकला किंवा त्याच्यावर फवारा मारला तर तसे कळवतो. ग्रेड २ मध्ये ती सक्ती नाही. बॅटरीवर ग्रेड २ ची यंत्रणा १२ तास टिकायला हवी, ग्रेड ३ ची ६०. आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा नियम असा की अख्ख्या यंत्रणेचा ग्रेड तिच्यातल्या सर्वात खालच्या घटकाइतकाच धरला जातो. पॅनेल (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो मुख्य डबा) ग्रेड ३ चे आणि एक सेन्सर ग्रेड १ चा असेल, तर यंत्रणा ग्रेड १ ची.

कोणते पर्याय तोलले

जुना संच ठेवून विम्याची रक्कम कमी करून घेणे हा पहिला पर्याय. दागिन्यांचे संरक्षण निम्म्यावर येणार होते, म्हणून तो सुटला.

मौल्यवान वस्तूच घरातून हलवणे हा दुसरा. अलार्मचे दरपत्रक हातात पडले की हा विचार कोणाच्या डोक्यात राहत नाही. वास्तविक तो सर्वात आधी करायला हवा. वर्षातून एखाद्या वेळी घातले जाणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले. घड्याळे रोजच्या वापरातली, ती घरीच राहिली. घरातली जोखीम घटली, पण अट लागू होण्याच्या मर्यादेखाली आली नाही. लॉकरमधल्या वस्तूंना घरच्या पॉलिसीचे संरक्षण आहे का, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे लागले.

तिसरा पर्याय सगळे वायरिंगने करायचा. सेन्सरच्या बॅटऱ्या बदलायची कटकट नाही, जॅमरची भीती नाही. पण वरच्या मजल्यावर छताला पोकळी नव्हती आणि भिंती नुकत्याच रंगवलेल्या. चौथा, पूर्ण वायरलेस, दुतर्फी सेन्सरचा. निवड झाली ती मिश्र पद्धतीची: खाली फॉल्स सीलिंगमधून वायर, वर वायरलेस.

इन्स्टॉलर कसा निवडला

तीन दरपत्रके आली. पहिले फोटो पाहून फोनवरच दिलेले. दुसऱ्यात ग्रेड ३ चे पॅनेल आणि भरपूर सेन्सर, पण सेन्सरच्या मॉडेलपुढे ‘मानकाप्रमाणे बनवलेला’ एवढेच. हे उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे झाले. त्रयस्थ प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट. प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावा लागतो. एकाच नावाच्या सेन्सरच्या प्रमाणित आणि अप्रमाणित अशा दोन आवृत्त्या असू शकतात, आणि फरक एका अक्षराचा असतो.

तिसऱ्या इन्स्टॉलरचा माणूस घर फिरून गेला. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, मांजर कुठे झोपते, एसीचा झोत कुठे पडतो, दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येते, हे त्याने विचारले. खिडकीतून बाहेर वाकून गॅरेजचे छप्परही पाहिले. काम त्याला मिळाले, पण तीन गोष्टी करारात लिहून घेतल्यावर. करार संपला की पॅनेलचा इंजिनिअर कोड (सेटिंग बदलायचा) ग्राहकाला मिळेल. नाहीतर यंत्र तुमचे आणि चावी त्यांची. मोबाइल मॉड्यूल ४जी असेल. टूजी आणि थ्रीजी सेवा जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याने जुने मॉड्यूल एके दिवशी गुपचूप मुके होते. आणि यंत्रणा सुपूर्द करताना प्रत्येक झोनच्या (पॅनेलवर सेन्सरला दिलेल्या जागेच्या) चाचणीची छापील नोंद मिळेल.

प्रत्यक्ष काम

पॅनेल जिन्याखालच्या कपाटात बसवले. दारातून आत शिरलेल्या माणसाला ते दिसत नाही आणि तिथपर्यंत पोचायचे तर मधल्या पॅसेजचा सेन्सर ओलांडावा लागतो. मुख्य दरवाजाच्या दोन्ही झडपांना चुंबकी कॉन्टॅक्ट (दार उघडून चुंबक दूर गेला की कळवणारे सेन्सर) लावले. एकाच झडपेला लावून मोकळे होणे ही नेहमीची चालढकल, आणि चोर दुसरी झडप उचकटतो. स्वयंपाकघराचा दरवाजा, सरकता दरवाजा आणि जिन्याची खिडकी यांना एकेक कॉन्टॅक्ट. हालचाल सेन्सर चार: पॅसेज, दिवाणखाना, वरची मोकळी जागा आणि तिजोरीची खोली.

दिवाणखान्यातला सेन्सर आधी सरकत्या दाराच्या समोर ठरला होता. तो बाजूच्या भिंतीवर, २.२ मीटर उंचीवर नेला. कारणे दोन. पीआयआर (शरीराची उष्णता टिपणारा) सेन्सर अंगावर चालून येणाऱ्या माणसापेक्षा आडव्या जाणाऱ्या माणसाला लवकर पकडतो. आणि दुपारचे ऊन थेट भिंगावर आले, तर उष्णतेच्या चढउताराने तो फसतो. इथे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह या दोन्ही खुणा जुळल्यावरच गजर देणारा दुहेरी सेन्सर घेतला. मांजराचा प्रश्न ‘पेट इम्युन’ लिहिलेल्या सेन्सरने सुटत नाही. जमिनीवर फिरणारे मांजर तो सोडून देतो, कपाटावर चढून सेन्सरसमोर आलेले नाही. म्हणून घर बंद करताना मांजर ज्या खोलीत हालचाल सेन्सर नाही त्या खोलीत ठेवायचे ठरले.

बॅटरीचा हिशेब कागदावर मागितला. पॅनेल १२०, संदेश पाठवणारे मॉड्यूल ९०, वायरलेस रिसीव्हर ४०, दोन कीपॅड ७०, दोन वायर्ड सेन्सर ३७: मिळून सुमारे ३६० मिलिअँपियर. बारा तासांचे ४.३ अँपियर-तास. त्यात पाव तास सायरन वाजण्याचे ०.२५ मिळवले आणि बॅटरी जुनी होण्यासाठी चौथा हिस्सा धरला की ५.७ होतात. म्हणून १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासांची बॅटरी. ती तीन-चार वर्षांनी बदलायची, ठणठणीत दिसत असली तरी. राउटरला वेगळा छोटा यूपीएस दिला. तो नसता तर वीज गेल्याबरोबर दोन मार्गांतला एक मार्ग मिटला असता.

सुपूर्द करताना स्वयंपाकघराच्या कॉन्टॅक्टचे झाकण उघडून पाहिले तर आत रेझिस्टर (तारेशी छेडछाड झाली का हे पॅनेलला कळावे म्हणून लावायचा छोटा भाग) नव्हता. तो पॅनेलच्या टोकाला जोडला होता. जोडायला सोपे जाते म्हणून असे सर्रास करतात. पण मग वाटेत कुठेही दोन तारा एकमेकींना जोडल्या की पॅनेलला तोच रेझिस्टर दिसत राहतो आणि दार उघडे असले तरी झोन बंदच वाटतो. रेझिस्टर सेन्सरच्या आत असेल तर तीच खटपट टॅम्पर, म्हणजे छेडछाड, म्हणून पकडली जाते. काम तिथेच दुरुस्त करून घेतले.

शेवटची चाचणी केंद्राची. राउटरची इंटरनेट केबल काढली आणि वाट पाहिली. मार्ग तुटल्याचा फोन ११ मिनिटांनी आला. करारात अर्धा तास होता. मग केबल काढलेलीच ठेवून मोबाइल अँटेनाही काढली. आता पॅनेल काहीच पाठवू शकत नाही. ठरलेल्या वेळी हजेरी लागली नाही, हे केंद्रालाच ओळखावे लागते. ते त्यांनी ओळखले. ही चाचणी न करता सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे काय घडले

पहिले दोन महिने सुरळीत गेले. मग हवा दमट झाली, जिन्याच्या खिडकीची चौकट फुगली, झडप नीट बसेना. वाऱ्याने ती हलली की चुंबक आणि कॉन्टॅक्टमधले अंतर वाढायचे आणि झोन ६ चा गजर व्हायचा. आठवड्यात तीन खोटे गजर झाले. घरच्यांनी इन्स्टॉलरला ईमेल केला. त्याने भेट पुढे ढकलली. मग बाहेर पडताना कीपॅडवर झोन ६ बायपास करणे, म्हणजे तेवढा वगळून यंत्रणा चालू करणे, हा शिरस्ता पडला.

सतराव्या दिवशी संध्याकाळी घर फुटले. पॅनेलच्या नोंदीत क्रम स्पष्ट आहे. १९:४२:०८ स्वयंपाकघराचा दरवाजा उघडला. हे दार ये-जा करण्याचे म्हणून नोंदवलेले नसल्याने कोड टाकायला सवलतीची सेकंदे नव्हती, सायरन लगेच वाजला. १९:४२:३१ पॅसेजचा सेन्सर. दोन वेगळ्या सेन्सरनी दुजोरा दिल्यामुळे केंद्राने ती खरी घुसखोरी धरली आणि पोलिसांना कळवले. किल्ली असलेल्या पहिल्या नातेवाइकाने फोन उचलला नाही, दुसरे १८ मिनिटांत पोचले. तोवर चोर गेला होता. तिजोरीला धक्का लागला नव्हता. शयनगृहातल्या टेबलावर सकाळी काढून ठेवलेली दोन घड्याळे मात्र गेली, आणि मागचे दार चौकटीसकट मोडले.

दावा

नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने सुपूर्दनाम्याचा दाखला, देखभालीचा अहवाल, केंद्राच्या फोनची यादी आणि पॅनेलची नोंद मागितली. ग्रेड २ ला किमान २५० घटना साठवण्याची अट असते. रोजचे चालू-बंद, बायपास, मार्ग तुटणे-जुळणे धरले तर एवढी जागा महिन्याभरात भरते आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. इन्स्टॉलरने दुसऱ्याच दिवशी नोंद उतरवून घेतली होती, म्हणून सगळा काळ हाती राहिला. त्यात झोन ६ चा बायपासही होता, रोजच्या रोज.

कंपनीचे पहिले पत्र अपेक्षित होते: यंत्रणा पूर्णपणे चालू नव्हती, अटीचा भंग झाला आहे. उत्तरात तीन कागद जोडले गेले. बिघाडाची पुरवणी, इन्स्टॉलरला पाठवलेला ईमेल आणि चोर कोणत्या दाराने आला हे सांगणारी नोंद. बायपास केलेल्या खिडकीचा चोरीशी संबंध नव्हता, बिघाड वेळेत कळवला होता, उरलेली यंत्रणा चालू होती आणि तिने काम केले होते. अशा वादात अट मोडल्याचा नुकसानीशी संबंध पाहायचा की नाही, हे देशोदेशीच्या कायद्यावर अवलंबून असते; इथे पुरवणीच्या लेखी शब्दांमुळे त्या वादात शिरावेच लागले नाही. काही आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर अलार्मबद्दलची हरकत मागे घेतली गेली आणि दाराची भरपाई मिळाली.

घड्याळांची नाही. ती यादीत होती, घर रिकामे होते आणि ती तिजोरीत नव्हती. दोन ओळींच्या अटीपुढे कोणताच कागद टिकला नाही.

वेगळे काय करता आले असते

खिडकीची फुगणारी चौकट पहिल्या भेटीतच ओळखता आली असती. लाकडी चौकटीला जास्त अंतर सहन करणारा कॉन्टॅक्ट आणि झडप घट्ट धरणारी कडी, एवढ्यावर भागले असते. नंतर तेच बसवले. झोन ६ वायरलेस असल्यामुळे तो बदलायला भिंत फोडावी लागली नाही, हा मिश्र पद्धतीचा आयता फायदा.

बायपासची मुभा कीपॅडवर सगळ्यांना होती. ती एकाच कोडपुरती ठेवता येते आणि बायपास झाला की केंद्राला संदेश जाईल असेही पॅनेलमध्ये सेट करता येते. असा संदेश जात असता, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केंद्रानेच इन्स्टॉलरचा पाठपुरावा केला असता. इन्स्टॉलरच्या करारात खोट्या गजरासाठी किती दिवसांत यायचे हे लिहिलेच नव्हते. इतकी कलमे घालून घेणाऱ्या कुटुंबाकडून हे राहून गेले याचे जरा नवल वाटते. विमा कंपनीलाही ईमेलची प्रत धाडली असती, तर पहिले पत्र कदाचित आलेच नसते.

किल्ली असलेल्या दोन माणसांपैकी एकाचा फोन कामाच्या वेळात बंद असतो हे घरच्यांना माहीत होते. यादीत क्रम उलटा लावता आला असता.

आणि तिजोरी. ती बोल्ट करून घेतली, तिचा फोटोही विमा कंपनीला पाठवला. पण रोज काढून रोज ठेवायच्या वस्तूंसाठी ती गैरसोयीच्या जागी, कपड्यांच्या कपाटाच्या तळाशी होती. किल्लीसाठी वाकायचे, कपडे बाजूला करायचे. मग सकाळच्या घाईत घड्याळ टेबलावरच राहणार. नूतनीकरणाच्या वेळी कुटुंबाने कंपनीशी बोलून रोजच्या वापरातल्या एका घड्याळाला ठरावीक रकमेपर्यंत तिजोरीच्या अटीतून सूट मिळवली, प्रीमियममध्ये किरकोळ वाढ स्वीकारून. तिजोरी कमरेच्या उंचीवर, काँक्रीटच्या भिंतीत बसवली आणि तिच्या दाराचा कॉन्टॅक्ट पॅनेलच्या एका मोकळ्या झोनला जोडला. दार उघडे राहिले असेल तर यंत्रणा आता चालूच होत नाही.